पाच साप आणि एक छोटी खोली: पेट्या कुठल्या घ्याव्यात?

लेस्टरकर

नमस्कार मंडळी. लेस्टरला राहतो, घर भाड्याचं नाही स्वतःचं आहे, हे आधीच सांगतो कारण पुढे कोणीतरी विचारणारच. माझ्याकडे चार वर्षांपासून दोन कॉर्न स्नेक आहेत, दोन्ही माद्या, साधारण 4 फुटी. आता ऑफिसमधला एक मित्र कायमचा देश सोडून चाललाय आणि त्याचे तीन साप मी घेतोय, म्हणजे एक रॉयल पायथन (तीन वर्षांची मादी, 1400 ग्रॅम), एक कॅलिफोर्निया किंगस्नेक आणि एक वेस्टर्न हॉगनोज. त्याच्या पेट्या काही कामाच्या नाहीत, एक तर तडकलेली काचेची आहे आणि बाकीचे प्लास्टिकचे डबे.

माझी बॉक्स रूम आहे 9 बाय 7 फूट, एक भिंत पूर्ण मोकळी. मी परवा एका दुकानात गेलो तर त्याने मला पाच वेगवेगळ्या आकाराच्या पेट्या, मॅट, दिवे, सगळं मिळून एवढं बिल सांगितलं की मी नुसता कागद घेऊन परत आलो. घरात मुलगा 14 वर्षांचा आहे, त्याला खूप आवड आहे, तोच मदत करणार आहे. बायकोची एकच अट आहे, साप खोलीच्या बाहेर दिसता कामा नये.

तर प्रश्न असे. लाकडी व्हिव्हेरियम (म्हणजे साप ठेवायची पेटी), पीव्हीसी की काचेची? दोन्ही कॉर्न एकत्र ठेवले तर एक पेटी वाचेल का? एकावर एक रचल्या तर चालतं का? आणि रॅक सिस्टीम (कपाटातल्या खणांसारखे एकावर एक सरकणारे प्लास्टिकचे डबे) घ्यावी का, त्यात जागा फार वाचते म्हणतात.

ब्रिस्टलवाला

स्वागत. मी 12 वर्षं साप पाळतोय, सध्या सात आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते सगळ्यात सोपं आहे: नाही. एक साप एक पेटी. कॉर्न एकटं राहणारं जनावर आहे, दोन माद्या एकत्र शांत पडलेल्या दिसतात म्हणून लोकांना वाटतं की जमतंय, खरं तर दोघींना एकच उबदार लपायची जागा हवी असते आणि जी दांडगी असते ती ती अडवून बसते. एकीने उंदीर ओकून टाकला तर कोणी ओकला ते कळत नाही, विष्ठा पातळ झाली तर कोणाची ते कळत नाही, आजार लागला तर दोघींना लागतो. आणि किंगस्नेकबद्दल तर बोलायलाच नको, तो निसर्गात दुसरे साप खातो, रॅटलस्नेकसुद्धा खातो. त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कॉर्नच्या पेटीत हात घालू नकोस आणि कॉर्नचा वास लागलेला हात त्याच्यासमोर नेऊ नकोस, तो हातालाच खाणं समजून विळखा घालतो.

आता पेटी. माझं मत असं की पेटीच्या सामानाचा विचार नंतर, आधी प्रत्येक सापाला किती ऊब आणि किती दमट हवा लागते ते लिहून काढ, सामान आपोआप ठरतं. तुझ्या पाचांचं ढोबळ गणित असं

रॉयल: उबदार टोकाला 31-32 अंश, थंड टोकाला 25-26, दमटपणा 60 टक्क्यांच्या आसपास, कात टाकायच्या वेळी त्याहून जास्त.
कॉर्न आणि किंग: उबदार टोक 28-30, थंड टोक 21-24, दमटपणा 40-50 पुरतो.
हॉगनोज: उबदार टोक 31-32, थंड टोक 22-24, हवा कोरडीच, पण खाली खणायला चांगला 10 सेंटीमीटर थर पाहिजे, जमलं तर जास्त.

म्हणजे चार जण कोरडे आणि एकटी रॉयल दमट. कोरड्यांना लाकडी उत्तम, स्वस्त पडते, ऊब धरून ठेवते आणि इंग्लंडच्या थंडीत ते फार महत्त्वाचं आहे. रॉयलला पीव्हीसी घे. महाग आहे पण लाकडी पेटीत रोज पाणी शिंपडून दमटपणा ठेवलास तर मेलामाइन लावलेली फळी कडेने फुगते, आतला भुसा पाणी पितो, मग तळ खाली बसतो. माझी पहिली रॉयलची पेटी दीड वर्षात अशीच गेली.

काचेची वाईट नसते, पण वरून जाळी असते आणि जाळीतून ऊब आणि ओलावा दोन्ही निघून जातात, चारी बाजूंनी उघडं वाटत असल्यामुळे बुजरा साप सतत घाबरलेला राहतो. तुझ्याकडे रचायच्या आहेत म्हणून तर ती बादच.

नाशिकची_ताई (सध्या न्यू जर्सी)

ब्रिस्टलवाला दादांशी सहमत पण काचेचं थोडं सांगते. इकडे सगळीकडे काचेच्याच टाक्या मिळतात, 40 गॅलन ब्रीडर म्हणतात ती 36 बाय 18 इंचाची असते, माझा हॉगनोज नर त्यात मजेत आहे. त्याला दमटपणा नकोच असतो म्हणून जाळीचा त्रास नाही. रॉयलला (आम्ही इकडे बॉल पायथन म्हणतो) मात्र मी काचेतच ठेवलं होतं आणि जाळीचा बराच भाग ॲक्रिलिकच्या तुकड्याने झाकला तेव्हा कुठे हिवाळ्यात कात एकसंध निघायला लागली, त्याआधी तुकडे तुकडे व्हायचे आणि डोळ्यावरची कात अडकायची.

एक गोष्ट हात जोडून सांगते, पेटीच्या आत कधीही चिकटपट्टी वापरू नका, कसलीही नाही, ना प्रोबची (तापमान मोजणाऱ्या सेन्सरची) वायर चिकटवायला, ना थर्मामीटर लावायला. माझा साप चिकटपट्टीत अडकला होता. ओढून काढायला गेलं तर कातडी सोलली जाते. थेंब थेंब खाद्यतेल लावून अर्धा तास लागला सोडवायला आणि तरी पोटाकडचे चार खवले गेलेच. वायरला क्लिप लावा किंवा बाहेरून भोक पाडून घ्या.

म्युनिकहून

रॅकबद्दल लिहितो. मी स्वतः सहा वर्षं रॅक वापरलेत, रॉयलचं ब्रीडिंग करायचो, त्यामुळे रॅक म्हणजे क्रूरपणा असं सरसकट म्हणणाऱ्यांचा मला तेव्हा राग यायचा. साप खायचे, वाढायचे, अंडी द्यायचे. 2021 मध्ये इथल्या म्युनिक विद्यापीठाच्या लोकांनी रॉयल पायथनवरच अभ्यास छापला, रॅकमधले आणि सजवलेल्या टेरेरियममधले (मोठ्या पेटीतले) साप व्हिडिओवर बघितले, तेच तेच हालचालींचे चाळे रॅकमध्ये बरेच जास्त होते आणि चढणं, ऊन खाणं, खणणं या गोष्टी रॅकमध्ये त्यांना करताच येत नव्हत्या. ते वाचल्यावर मी माझ्या खोलीत रात्री लाल टॉर्च घेऊन बसलो. दोन माद्या डब्याच्या पुढच्या कडेला नाक घासत तासभर मागेपुढे करत होत्या. सहा वर्षं मी ते बघितलंच नव्हतं, कारण मी दिवसा बघायचो. नंतर हळूहळू सगळे डबे काढले.

लेस्टरकर, तुमच्याकडे पाच साप आणि एक पूर्ण भिंत आहे. रॅकची तुम्हाला गरजच नाही.

ब्रिस्टलवाला

म्युनिकहून, हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. याच विषयावर लिंकन विद्यापीठाचं कॉर्न स्नेकवर काम आहे, तेही 2021 चंच, सापांना साधी पेटी आणि सजवलेली पेटी यातून निवडायला दिलं तर ते सजवलेल्या पेटीत जास्त वेळ काढायचे. लोक म्हणतात सापाला काय कळतंय, त्याला कळतंय.

फक्त एका बाबतीत मी डब्याच्या बाजूने आहे. पिल्लू जर खातच नसेल, बुजून कोपऱ्यात बसत असेल तर थोडे महिने छोट्या डब्यात ठेवल्याने खायला लागतं हे मी स्वतः बघितलंय.

म्युनिकहून

मोठ्या पेटीत भरपूर पाला, सालं, पाईप, दोन-तीन घट्ट बिळं टाकलीत तर पिल्लूही खातं. पिल्लू मोठ्या जागेला घाबरत नाही, उघड्या जागेला घाबरतं. माझी शेवटची नऊ पिल्लं 3 फुटी पेटीतच वाढली. यावर आपलं एकमत होणार नाही बहुतेक, पण लेस्टरकरांची रॉयल मादी तर मोठी आहे, त्यामुळे इथे तो प्रश्न नाही.

लेस्टरकर

बापरे एका रात्रीत एवढं. सगळ्यांचे आभार. म्हणजे पाच पेट्या. आकार किती घेऊ? दुकानदार म्हणाला कॉर्नला 3 फुटी पुरेल कारण ते गुंडाळूनच बसतात.

ब्रिस्टलवाला

गुंडाळून बसतात कारण त्यांना सरळ व्हायला जागा नसते. हा जुना नियम दुकानांमध्ये अजून चालतो, लांबी अधिक रुंदी सापाच्या लांबीएवढी झाली की पुरे. मी तो मानत नाही. रात्री कॅमेरा लाव, 4 फुटी कॉर्न पूर्ण लांब होऊन भिंतीच्या कडेने फिरताना दिसेल. पेटीची निदान एक बाजू सापाएवढी हवी आणि कॉर्न चढतो म्हणून उंचीही हवी. कॉर्न दोघी, किंग आणि रॉयल या चौघांना 4 बाय 2 बाय 2 फूट. मादी रॉयल पुढे साडेचार फुटांपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे तिला जमलं तर 5 फुटी, नाहीतर आत्ता 4 फुटी आणि पुढे बदल. हॉगनोज नर की मादी? नर असेल तर 3 बाय 2 च्या पेटीत आयुष्य काढेल, मादी जरा मोठी होते पण तिलाही 3 फुटी बरी.

तुझी भिंत 9 फूट आहे. 4 अधिक 4 आठ फूट, दोन मजले, चार पेट्या बसल्या. उरलेल्या एका फुटात वायरी, थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणारं यंत्र) आणि हात जायला जागा ठेव, ती भरू नकोस. हॉगनोजची 3 फुटी बाजूच्या 7 फुटी भिंतीला.

सोलापूर_ते_स्लाऊ

रचताना हे बघा. समोरून सरकणाऱ्या काचेच्याच घ्या, वरून उघडणाऱ्या नको, एक तर रचता येत नाहीत आणि दुसरं म्हणजे सापाला वरून येणारा हात म्हणजे घार वाटते, समोरून हळू गेलं की कमी दचकतो. दोन काचा एकावर एक येतात तिथे बारीक फट राहते, मोठ्या सापाला काही नाही पण पिल्लू किंवा बारीक किंगस्नेक निघून जातो. काचेची पाचर किंवा लॉक मिळतं ते पहिल्याच दिवशी लावा. माझा कॉर्न लॉक विसरल्यामुळे बाहेर पडला आणि अकरा दिवसांनी फ्रिजच्या मागे मोटरच्या उबेला सापडला. अकरा दिवस मी जमिनीवर पाऊल ठेवण्याआधी टॉर्च मारत होतो. तुमच्या मिसेसची अट बघता लॉक आधी, साप नंतर.

पेटी जोडताना आतल्या सगळ्या सांध्यांना ॲक्वेरियमचं सिलिकॉन लावा (बुरशी न येणारं बाथरूमचं नको, त्यात औषध असतं) आणि वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. खालची पेटी जमिनीवर थेट नको, चार-सहा इंच उंच लाकडी बैठक करा, जमिनीलगत गार हवा असते. दोन मजल्यांच्या मध्ये पट्ट्या टाकून बोटभर जागा सोडा, नाहीतर खालच्या हीटरने वरच्याचा तळ तापतो आणि वरच्याचं थंड टोक थंड राहत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

नागपूरचा_पक्षीमित्र

मला सापांतलं कळत नाही पण एक विचारतो. एवढं करून शेवटी कोंडूनच ठेवायचं ना? इतकी माया आहे तर का ठेवायचं? भांडायला नाही विचारत, खरंच समजून घ्यायचंय.

म्युनिकहून

प्रश्न योग्य आहे. हे साप पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत, कित्येक पिढ्या, त्यांना लेस्टरच्या बागेत सोडलं तर पहिल्या थंडीत मरतील, आणि अमेरिकेतला किंगस्नेक कॅनरी बेटांवर सुटला तर तिथले सरडे संपवायला निघाला, ते आज घडतंय. म्हणजे सोडायचा पर्याय नाही. कोणीतरी नीट ठेवणं किंवा कोणीतरी वाईट ठेवणं एवढेच दोन आहेत. नवीन पैदास करावी का यावर मी आता नाही म्हणतो, म्हणून मी ब्रीडिंग थांबवलं.

सांगलीचा_सर्पमित्र

मी बत्तीस शिराळ्याजवळचा, पंधरा वर्षं साप पकडून सोडतोय. इथे वाचणाऱ्या आपल्याकडच्या पोरांसाठी लिहितो, कारण असे धागे वाचून मला मेसेज येतात की दादा धामण पाळू का, अजगराचं पिल्लू सापडलंय ठेवू का. नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे आपले साप घरात ठेवणं गुन्हा आहे, धामण बिनविषारी आहे म्हणून चालतं असं काही नाही. रॉयल पायथन परदेशी असला तरी तो साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतला आहे, अशा प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, कागद नसतील तर हात लावू नका. आणि ज्याला आवड आहे त्याने आधी कात्रजच्या सर्पोद्यानात जाऊन यावं, जवळच्या जाणत्या सर्पमित्राबरोबर फिरावं. घोणस आणि अजगराच्या पिल्लात फरक न कळून माणसं दगावलीत.

लेस्टरकर दादा तुमच्याकडे कायदा वेगळा, तुम्ही चालू द्या, मला वाचायला आवडतंय.

लेस्टरकर

दादा एकदम बरोबर, मी धाग्याच्या सुरुवातीलाच हे लिहायला हवं होतं. इथे 1976 च्या धोकादायक प्राण्यांच्या कायद्याखाली धोकादायक विषारी सापांना लायसन लागतं, माझ्या पाचांपैकी कशालाच लागत नाही, ते तपासलंय.

आता हीटिंगचं सांगा. दुकानदाराने सगळ्यांना हीट मॅट (सापाखाली घालायची विजेवर तापणारी चटई) सांगितलीय, म्हणाला थर्मोस्टॅट नंतर घेतला तरी चालेल, मॅट फार तापत नाही.

नाशिकची_ताई (सध्या न्यू जर्सी)

नाही नाही नाही. प्लीज हे करू नका. माझ्या पहिल्या सापाचं पोट असंच भाजलं. मलाही दुकानात हेच सांगितलं होतं की मॅट कोमट राहते. साप तिच्यावर गुंडाळून बसला की ऊब निघायला वाट नसते, ती तिथेच साठत जाते, 40 च्या वर गेली आणि तो उठला नाही. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही, निसर्गात ऊब वरून येते, सूर्याची. सकाळी पोटाचे खवले तपकिरी दिसले, मला वाटलं घाण लागलीय म्हणून मी पुसत होते. डॉक्टरांनी सांगितलं भाजलंय. मलम, कागदाचा बिछाना, तीन काती टाकेपर्यंत जखम दिसत होती. थर्मोस्टॅट आधी विकत घ्या आणि मग हीटर.

ब्रिस्टलवाला

ताईंनी लिहिलं त्यापुढे फक्त जोड्या सांगतो, कारण चुकीचा थर्मोस्टॅट लावला की तोही निकामी. मॅटला साधा ऑन-ऑफ चालतो. सिरॅमिक हीटरला (उजेड न देणारा, नुसती ऊब देणारा) पल्स, म्हणजे थोड्या थोड्या झटक्यांनी वीज देणारा. प्रकाश देणाऱ्या बल्बला डिमिंग, म्हणजे वीज हळूहळू कमी-जास्त करणारा, नाहीतर बल्ब सारखा लागतो-विझतो आणि लवकर उडतो. लाकडी आणि पीव्हीसी 4 फुटीला मी वरून 100 किंवा 150 वॅटचा सिरॅमिक लावतो, एका टोकाला, आणि त्याला जाळीचा गार्ड स्क्रूने पक्का, कारण साप हीटरला विळखा घालतातच. प्रोब उबदार टोकाच्या लपायच्या जागेजवळ, सापाला हलवता येणार नाही असा बसवायचा. मी एकदा सैल ठेवला होता, सापाने तो ढकलून पाण्याच्या भांड्यात पाडला, थर्मोस्टॅटला वाटलं पेटी गार आहे आणि हीटर पूर्ण चालू राहिला. मी घरात होतो म्हणून वाचला. तेव्हापासून प्रत्येक पेटीत थर्मोस्टॅटशी संबंध नसलेला वेगळा डिजिटल थर्मामीटर, दोन्ही टोकांना.

विजेची भीती वाटत असेल तर, 100 वॅटचा हीटर थर्मोस्टॅटवर साधारण निम्मा वेळ चालतो म्हणजे दिवसाला सव्वा युनिटच्या आत. पाच पेट्यांचे सहा युनिट धर, युनिटला पाव पौंड धरला तर दिवसाला दीड पौंड. उन्हाळ्यात बरंच कमी. सगळे मिळून 500-600 वॅट, एका सॉकेटला झेपतात, पण एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडू नकोस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेटी आली की आठवडाभर रिकामी चालव. भुसा, भांडं, बिळं सगळं ठेवून, फक्त साप नाही. सकाळी, दुपारी आणि रात्री आकडे लिही. मुलाला दे हे काम.

सोलापूर_ते_स्लाऊ

मित्राचे तीन साप थेट त्या खोलीत आणू नका. निदान 60 ते 90 दिवस दुसऱ्या खोलीत वेगळे, तिथे मात्र झाकणाचे प्लास्टिकचे डबेच चांगले, आत कागदाचा बिछाना, म्हणजे गोचिडीसारखे बारीक काळे किडे असले तर पांढऱ्या कागदावर आणि पाण्याच्या भांड्यात बुडालेले दिसतात. लाकडी पेटीच्या सांध्यात ते एकदा शिरले की काढता काढता वर्ष जातं. आधी आपले साप हाताळायचे, नवे सगळ्यात शेवटी.

लेस्टरकर *(चार महिन्यांनी)*

उशीर झाला पण सांगायला आलो. तीन लाकडी 4 फुटी सपाट पॅकमध्ये मागवून मी आणि मुलाने जोडल्या, रॉयलसाठी पीव्हीसी घेतली. वर-खाली कुठली ठेवायची यावर आमच्यात दोन दिवस चर्चा चालली, शेवटी रॉयल वर ठेवली कारण खोलीची ऊब वर साठते आणि हीटर कमी चालतो, खाली दोघी कॉर्न, किंग वर.

रिकामी चालवायचा सल्ला लाख मोलाचा निघाला. मुलाने वहीत आकडे लिहिले तर खालच्या डाव्या पेटीचं थंड टोक तिसऱ्या रात्री 17 वर गेलं होतं, दाराच्या फटीतून गार वारा थेट तिथे येत होता. दाराला खाली ब्रश लावला, मागची एक जाळी अर्धी झाकली, मग 21 वर टिकलं. साप आत असता तर मला ते कळलंही नसतं, मी दिवसाच बघितलं असतं.

मित्राच्या किंगवर किडे निघाले. आठव्या दिवशी पाण्यात काळे ठिपके. डॉक्टरांकडून उपचार झाले, त्याचे 90 दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले, म्हणून त्याची पेटी अजून रिकामीच आहे. रॉयल मात्र मागच्या महिन्यात तिच्या पेटीत गेली. पहिले तीन आठवडे ती बिळातून नाकसुद्धा बाहेर काढेना, खाल्लंही नाही, मी रोज इथे लिहायला बसायचो आणि थांबायचो. गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला मुलगा मला उठवायला आला. ती मधल्या आडव्या फांदीवर पूर्ण लांब पसरली होती, डोकं खाली लोंबत होतं आणि जीभ चालू होती. आम्ही दोघं अंधारात जमिनीवर बसून वीस मिनिटं बघत राहिलो. बायकोही दारात येऊन उभी राहिली, आत नाही आली. मित्राकडे तीन वर्षं ती दीड फुटाच्या डब्यात होती.

परवा तिने उंदीर घेतला. हॉगनोजची 3 फुटी शनिवारी येतेय, त्याचेही दिवस तोवर पूर्ण होतात. त्यात माती किती खोल भरू, 10 सेंटीमीटर की 15? समोरची माती अडवणारी पट्टी 12 सेंटीमीटरचीच आहे, उंच करून घ्यावी लागेल का?

नाशिकची_ताई (सध्या न्यू जर्सी)

15 भरा, पट्टी उंच करून घ्या. ॲक्रिलिकची लावली तर तो बोगदे खणताना दिसतो, मुलाला आवडेल. वजन खूप होईल म्हणून ती पेटी खालीच ठेवा आणि भांडं थेट तळावर टेकवा, मातीवर नको, तो खालून खणतो आणि भांडं कलंडतं.